कुणासाठी काढता जी ही फाईल?

अहेरीत कुणाचंच काही झाकून राहत नाही. आठवडी बाजारात एखाद्याने गोऱ्हा विकला, तर त्याचा आकडा त्याच्या घरी पोचायच्या आधी पानठेल्यावर पोचतो आणि तिथून शेवटच्या जीपने आलापल्लीला जातो. तेंदूच्या हंगामात कुणाच्या घरी किती पुडे बांधले, कुणाचा बोनस अजून खात्यात पडला नाही, कुणाच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला, हे सांगायला इथे संगणक लागत नाही. मोबाईलचा टॉवर दिवसभरात कितीदा तरी मान टाकतो. पानठेल्याची सेवा मात्र मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया अशा सगळ्या भाषांत अखंड चालू असते.

अशा गावात वाढलेला माझा भाचा हैदराबादला नोकरी करतो. (प्राणहिता ओलांडली की तेलंगण. आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे आमची शिकलेली पोरं आणि आमचे पेशंट दोन्ही तिकडेच जातात.) दसऱ्याला तो घरी आला, तेव्हा ओसरीवर जमलेल्या मंडळींनी रीतीप्रमाणे आधी पगार विचारला, मग काम विचारलं. तो म्हणाला, "एका माणसाची माहिती दुसऱ्याला दिसू नये, याची व्यवस्था करतो."

ओसरी गप्प झाली. मग एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "काहून बापा? भांडण आहे का त्यायच्यात?"

"नाही ना जी. ओळखसुद्धा नाही."

"मग पायलं तर काय होते?"

वेबवरच्या सॉफ्टवेअरमधल्या धोक्यांची यादी करणारी ओवॅस्प नावाची एक जगन्मान्य संस्था आहे. तिच्या 2021 च्या यादीत पहिला क्रमांक होता तो नेमका याच दुखण्याचा: ज्याने जे पाहू नये, ते त्याला दिसणं. 2017 च्या यादीत हेच दुखणं पाचवं होतं. भाच्याला हे पाठ आहे. पण म्हाताऱ्याला ते सांगण्याऐवजी त्याने चहा पिणं पसंत केलं, आणि मला त्याच्या भवितव्याची खात्री पटली.

बाकीच्यांना त्याचं काम कळलं नाही. मला चटकन कळलं, कारण माझी सगळी नोकरी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. (कुठल्या, ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.)

सेल्सफोर्स नावाची कंपनी 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. भाचा ज्या कोडवर पोट भरतो तो तिच्याच यंत्रणेवर चालतो. मी त्याला म्हटलं, ही कंपनी विकते काय? त्याने अर्धा तास समजावलं. त्याचा गोषवारा असा की ती रेकॉर्ड रूम भाड्याने देते. बँका, विमा कंपन्या, दवाखाने, कॉलेजं आपापलं दप्तर तिच्याकडे ठेवतात. कुणी काय पाहावं हे ठरवायला कोड लिहावाच लागत नाही, पडद्यावर खुणा करत गेलं की झालं. आधी सरसकट धोरण: ही फाईल खासगी, ही सगळ्यांना वाचायला खुली, ही वाचायला आणि लिहायलाही खुली. मग पदांची उतरंड: खालच्याचं जे ते वरच्याला आपोआप दिसतं. मग वाटणीचे नियम: चंद्रपूरच्या शाखेची प्रकरणं गडचिरोलीच्या शाखेने पाहायला हरकत नाही, वगैरे.

उतरंडीच्या नियमावर मी हरकत घेतली. वडीलधाऱ्याला खालच्याचं सगळं आपोआप कळतं, हे सूत्र सॅन फ्रान्सिस्कोत चालत असेल. अहेरीत 2024 च्या विधानसभा निवडणुकीत इथल्या राजघराण्यातले धर्मरावबाबा आत्राम उभे होते, त्यांच्या विरोधात त्यांची कन्या भाग्यश्रीताई उभ्या होत्या आणि घरातलेच अंबरीशराव आत्रामही अपक्ष म्हणून उभे होते. अशा ठिकाणी रेकॉर्ड खासगी ठेवावं की खुलं, आणि उतरंडीत कोण कुणाच्या वर, हे कुठल्या खुणेने दाखवणार? भाचा म्हणाला, "मामाजी, त्यासाठी उतरंडीचा नियम बंद करायची सोय आहे." असेल. राजवाड्यासमोर दसऱ्याला जमलेल्या गर्दीला विचारून बघा, बंद होतो का.

असो. नियम लावले, साहेबांना दाखवले, साहेब खूश झाले. इथपर्यंत सगळं ठीक. पण गिऱ्हाइकाचं तेवढ्यावर भागत नाही. त्याला स्वतःची गणितं हवी असतात, स्वतःचे अहवाल हवे असतात. त्यासाठी एपेक्स नावाच्या भाषेत कोड लिहितात. आणि गंमत इथे सुरू होते: जुना रिवाज असा की वेगळं सांगितलं नाही, तर हा कोड माणसाच्या अधिकाराने आत जात नाही, यंत्रणेच्या अधिकाराने जातो. त्याला कुठलीही फाईल नाकारली जात नाही. भिंतीवर लावलेले सगळे नियम जागच्या जागी असतात, साहेबांच्या सहीसकट, आणि कोड त्यांच्याखालून वाकून नमस्कार करत आरपार निघून जातो.

हे ऐकलं आणि मला आमचा शिपाई आठवला.

त्याचं नाव सांगत नाही, पण त्याच्या कमरेचा जुडगा अजून माझ्या कानात वाजतो. साहेब बदलले, कचेरीचे रंग बदलले, जुडगा तोच. जमिनीची मिसल, फेरफारांच्या जुन्या वह्या, निस्तार पत्रकं, बंदोबस्ताच्या काळातले नकाशे: कुठली फाईल कुठल्या रॅकवर, कुठल्या फडक्यात, हे त्याला अंधारात सांगता यायचं. मागितली की काढून द्यायचा. साहेबांनी मागितली, दिली. बाबूने मागितली, दिली. बाबूचं नाव सांगून बाबूच्या साळ्याने मागितली, तीही दिली. लाच म्हणाल तर अर्धा चहासुद्धा नाही. तो सचोटीचा माणूस होता. दारावर टंकलेली नियमावली चिकटवलेली होती, अर्ज कुणी करायचा, कुणाच्या सहीने करायचा, नक्कल कुणाला मिळेल. तो रोज त्या कागदावरची धूळ झटकायचा. फक्त एक प्रश्न त्याने हयातीत विचारला नाही: कुणासाठी?

आणि का विचारावा? कुलूप किल्लीला ओळखतं, किल्ली त्याच्याकडे होती. फाईल बाहेर पडली की रजिस्टरमध्ये नोंद व्हायची, "शिपायामार्फत काढली." चौकशी झाली तर शिपाई दोषी नाही, कारण त्याला सगळं काढायचा अधिकार होता. मागणारा दोषी नाही, कारण त्याने कुलपाला हात लावला नाही. नियमावलीही दोषी नाही, ती तर दारावर स्वच्छ होती.

माझी समजूत होती की हे आमच्याच कचेरीचं वैशिष्ट्य. भाच्याने ती मोडली. म्हणाला, 1988 मध्ये नॉर्म हार्डी नावाच्या अमेरिकन माणसाने यावर लेख लिहिला आणि या रोगाला गोंधळलेला मुखत्यार अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच्या लेखातला मुखत्यार म्हणजे एक कंपायलर, माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम. संगणकाचं बिल ज्या कप्प्यातल्या फाईलमध्ये नोंदलं जायचं, त्या कप्प्यात लिहायची परवानगी या कंपायलरला होती, कारण त्याला तिथे आपली आकडेवारी ठेवायची असे. एका वापरणाऱ्याने कंपायलरला सांगितलं, चुका शोधायला लागणारी माहिती अमुक फाईलमध्ये लिही. आणि नाव दिलं नेमकं बिलाच्या फाईलचं. कंपायलरने आज्ञाधारकपणे बिलावर लिहून टाकलं. वापरणाऱ्याला त्या फाईलला हात लावायची परवानगी नव्हती, कंपायलरला होती. आणि कंपायलरने विचारलं नाही की हे मी माझ्यासाठी करतोय की याच्यासाठी. मी भाच्याला म्हटलं, कंपायलरच्या कमरेला जुडगा होता का ते बघ.

तर एपेक्समध्ये या शिपायाला शिस्त लावायला तीन पाट्या आहेत. कोडच्या एकेका गठ्ठ्याला क्लास म्हणतात; त्याच्या कपाळावर त्या लिहायच्या. पहिली 'विथ शेअरिंग': म्हणजे ज्याच्यासाठी काम चाललंय त्याला ज्या फाईली दिसतात तेवढ्याच काढ. दुसरी 'विदाउट शेअरिंग': म्हणजे कुणाचंही काढ, विचारू नकोस. तिसरी 'इनहेरिटेड शेअरिंग': म्हणजे ज्याने तुला बोलावलं त्याच्या चालीने चाल. या तिसरीला मी सून-पाटी म्हणतो. घरात नवीन, म्हणून बोलावणाऱ्याकडे बघून वागते.

चौथा प्रकार म्हणजे ज्या क्लासवर कुठलीच पाटी लावलेली नाही. आणि जुन्या कोडमध्ये असे क्लास जिकडेतिकडे भेटतात. अशा क्लासला शिस्तीच्या क्लासने बोलावलं तर तो शिस्तीत वागतो. बाहेरून सरळ त्यालाच हाक मारली, तर वर्षानुवर्षांच्या रिवाजाप्रमाणे तो बहुतेक ठिकाणी जुडगा घेऊन निघतो. म्हणजे तोच शिपाई, तीच किल्ली. सकाळी शहाणा, दुपारी मोकाट. मी विचारलं, ज्याने लिहिलं त्याने पाटी का नाही लावली? भाचा म्हणाला, "विसरला असेल, नाहीतर घाईत असेल." सरकारी कचेरीत याला 'नजरचुकीने' म्हणतात आणि त्याच्यासाठी शिक्का तयार असतो.

पाटी लावली म्हणजे सुटलो, असंही नाही. 'विथ शेअरिंग' फक्त फाईल कुठली ते पाहतं. फाईलमधलं कुठलं पान पाहायचं ते पाहत नाही. भाच्याच्या एका गिऱ्हाइकाकडे (नाव त्याने मला सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे) शाखेतल्या पोराला स्वतःच्या शाखेचीच कर्जप्रकरणं दिसत होती. नियम पाळला गेला, टाळ्या झाल्या. पण प्रत्येक प्रकरणात अर्जदाराचा पगार, आजार, घरातले वाद, सगळे रकाने उघडे. ते रकाने त्या पोराला दिसू नयेत असं पडद्यावर कुणीतरी काळजीपूर्वक ठरवलं होतं; कोडने ते कधी वाचलंच नाही. त्यासाठी वेगळी शिस्त लागते. एक उपाय असा की माहिती बाहेर द्यायच्या आधी न दिसणारे रकाने छाटून टाकायचे. दुसरा, मला जास्त पटलेला, म्हणजे प्रश्न विचारतानाच त्यात 'विथ युजर मोड' लिहायचं. ही सोय 2023 च्या सुरुवातीला सगळ्यांना मिळाली. ती लिहिली की कोड स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवतो आणि समोरच्या माणसाच्या अधिकाराने रांगेत उभा राहतो. फाईल, पान, रकाना, तिन्ही त्याच्याच लायकीचे मिळतात.

किल्ल्या चुकीच्या हातात पडल्या तर काय होतं, हे खुद्द मालकालाही एकदा कळलं. 17 मे 2019 रोजी सेल्सफोर्सने स्वतःच चालवलेल्या एका स्क्रिप्टमुळे कितीतरी कंपन्यांतल्या साध्या कर्मचाऱ्यांना आपापल्या कंपनीचं सगळं दप्तर वाचायला आणि बदलायलाही खुलं झालं. उपाय काय केला? एकेकाचा अधिकार काढत बसायला वेळ नव्हता; रेकॉर्ड रूमच बंद केली. तासन्‌तास कुणालाच काही दिसेना, ज्यांचा हक्क होता त्यांनाही नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे एखादी फाईल हरवली की साहेब अगदी हेच करायचे, आणि आम्ही त्यांना मागास समजत होतो.

मात्र हक्क असलेल्यालाच दार बंद, ही दुसऱ्या बाजूची गोष्ट आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. हैदराबादची पोरं दिवसरात्र एकाच भीतीत असतात, की नको त्याला दिसेल. गडचिरोलीचा अनुभव उलटा. इथे नियम म्हणतो, घे. आणि दारावरचा म्हणतो, नाही.

विदर्भाच्या गावांना निस्तार पत्रक नावाचा एक कागद असतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 मध्ये तो आहे. गावकऱ्यांनी गुरं कुठे चारायची, सरपण, लाकूड, मुरूम, माती किती आणि कुठून आणायची, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला कलम 165 चं वाजिब-उल-अर्ज: कुणाच्या बांधावरून कुणाची वाट जाते, कुठल्या पाण्यात कुणी मासे धरायचे. सेल्सफोर्सच्या कितीतरी आधी आमच्याकडे प्रवेशाचे नियम असे रकान्यांत लिहिलेले होते. अंमलबजावणीची बात वेगळी. नियम रेकॉर्ड रूममध्ये, फडक्यात. जंगलाच्या तोंडावर वनरक्षक. दोघांची गाठ पडायची नाही.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. त्यात निस्ताराचे हक्क, जमीनदारीच्या काळात जे काही नावाने चालत असतील तेसुद्धा, मान्य झाले. अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी, तेव्हा हे शब्द आम्हाला आपल्यासाठीच घातल्यासारखे वाटले. दाव्याच्या पुराव्यात गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याचा लेखी जबाबही धरतात, म्हणजे ओळख पटवायला ओटीपी नाही, आजोबा. मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. आजोबांना नेटवर्क लागत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफांचं हे गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाने लावून धरली. कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबू नाव घेऊन घातलेला आहे. म्हणजे फाईल गावाची, पान गावाचं, रकानाही गावाचा. गावाने बांबू विकायला काढला. तर कळलं की बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. खात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होताच. एका कायद्यात तो वनोपज, दुसऱ्यात तो झाड, आणि नाक्यावरचा माणूस जुन्या कायद्याची आवृत्ती चालवत होता. भाच्याला हे सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. म्हणाला, "मामाजी, आमच्याकडे रोज हेच होते."

तोडगा निघायला मंत्री यावे लागले. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे 2012 च्या सुधारित नियमांनी असा परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने द्यायचा, असं ठरवून टाकलं. आणि बिगरजंगल जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला तो 2017 च्या दुरुस्तीने, म्हणजे नव्वद वर्षांनी. गवताला आपण गवत आहोत हे सिद्ध करायला नव्वद वर्षं लागली. त्या मधल्या काळात बल्लारपूरच्या कागद कारखान्याला हाच बांबू बिनबोभाट जात होता. परवाने नाकारणारे आदेश कशावर टंकले जात असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

सातबाऱ्याचं मात्र वेगळं. तो मुळातच सगळ्यांना वाचायला खुला. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला, कुणाचाही. पंधरा रुपये भरायचे की झालं. शेजाऱ्यावर सोसायटीचं किती कर्ज आहे हे इतर हक्कांच्या रकान्यात दिसतं. पण बदलायचं म्हटलं तर पटवाऱ्याने नोंद धरायची आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करायची. वाचायला गाव, लिहायला दोनच माणसं: इतकी साफ मांडणी भाच्याच्या कंपनीलाही जमलेली नाही, असं तोच म्हणाला. आमच्या पानठेल्याला मात्र या सोयीचा राग आहे. पंधरा रुपये घेऊन सरकार जे सांगतं, ते तो सुपारीच्या किमतीत सांगत होता, आणि वर कर्ज कशापायी झालं तेही.

जाताना भाच्याने मला त्याच्या कोडचा एक तुकडा दाखवला. क्लासवर 'विदाउट शेअरिंग' अशी पाटी. मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. तो घाईने म्हणाला, रात्रीच्या हिशेबाला सगळ्याच शाखांच्या फाईली लागतात, तिथे हा अधिकार द्यावाच लागतो. मान्य. शिपायाकडे जुडगा नसता तर आमची कचेरी एक दिवस चालली नसती. पण तो कशासाठी दिला, हे कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. त्याने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन पाटीच्या वर कारणाची एक ओळ लिहिली. नेटवर्क नसल्याने ती हैदराबादला पोचायला दुसरा दिवस उजाडला, ते सोडा.

तेव्हा कोड लिहिणाऱ्या सगळ्या भाच्यांना आणि भाच्यांना कामाला लावणाऱ्या साहेबांना एका जुन्या बाबूची विनंती आहे. क्लासवर पाटी लावल्याशिवाय तो कुणाच्या हाती देऊ नका. सगळ्या किल्ल्यांची पाटी लावावी लागली, तर वर कारण लिहा. तुमच्यानंतर येणारा तुम्हाला विचारायला अहेरीपर्यंत येणार नाही. आणि तपासणी साहेबाच्या लॉगिनने करू नका, साहेबाला सगळंच दिसतं. यंत्रणेत सगळ्यात कमी अधिकार ज्याला आहे तो माणूस शोधा, त्याच्या नावाने आत जा, आणि त्याच्या हक्काचं त्याला मिळतं का तेही त्याच वेळी बघा.